मोरीतला नारळ

“काका, फळी!”

खोपोलीच्या त्या घरात आम्ही भाडेकरू म्हणून राहिलो तेवढी वर्षं घरात शिरायचा मंत्र हा एकच. आमचे हे कारखान्यात होते. पाळी सुटली की रस्त्यावर सायकल धरून उभे राहायचे आणि अशी हाक मारायचे. मग आत कडी वाजायची, घरमालक लुंगी सावरत बाहेर यायचे, काखेतली लांब फळी दारापुढच्या गटारावर आडवी टाकायचे, हे आत आले की फळी पुन्हा उचलून घरात. जसा काही किल्लाच होता आमचा, आणि खाली मगरी सोडल्या होत्या!

मी नवीन होते तेव्हा एकदा विचारलं, “अहो काका, राहू दे की ती फळी तिथंच. कोण नेतंय?”

“चोरीचा प्रश्न नाही, बाई,” ते म्हणाले. मी प्राथमिक शाळेत शिकवायची, म्हणून मी सगळ्या गल्लीची बाई होते. “रात्रभर राहिली की ती कायमची झाली. कायमच्या बांधकामाला परवानगी लागते.”

“मग घ्या की परवानगी!”

“कोण देणार?”

“कोण देतं?”

“मी,” काका म्हणाले आणि फळी घेऊन आत गेले.

हे उत्तर समजायला मला पुढचे सहा महिने लागले. काका पालिकेत ओव्हरसियर होते. रस्त्यावरून आपल्या आवारात गाडी चढवायला लोक सिमेंटचा उतार बांधतात ना, ज्याला आता सगळे रॅम्प म्हणतात, त्याची परवानगी त्यांच्या हातात. नियम साधेच होते. उतार बांधा, पण दारापुढचं गटार बुजवायचं नाही. खालून पाईप टाकून मोरी करायची, म्हणजे पाणी आपल्या वाटेनं पुढे जाईल. उताराचा ओठ रस्त्याच्या डांबरावर येता कामा नये. फाटक आतल्या बाजूला उघडलं पाहिजे. आता एवढ्या चार ओळी प्रत्येक गावात कुठेतरी लिहिलेल्या असतात, आणि प्रत्येक गावात लोक गटारावर दोन शहाबादी फरश्या टाकून मोकळे होतात. पण आमचं गाव घाटाच्या पायथ्याशी. पावसाळ्यात वरून पाणी येतं ते काय विचारता! एका घरासमोर तुंबलं की खालच्या दहा घरांत चुलीपर्यंत जातं. त्यामुळे काकांनी त्या चार ओळी देव्हाऱ्यात बसवल्या होत्या म्हटलं तरी चालेल.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणी हुज्जत घालायला लागलं की चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, “रस्ता सरकारचा, घर तुमचं. गटार मात्र पाण्याचं. पाण्याला विचारून या, मग बोलू.” समोरचा माणूस पाण्याला कसा विचारणार? जायचा मुकाट्यानं.

मोरी तपासायची त्यांची पद्धत मात्र कुठल्याही नियमात नव्हती. टेप लावून पाईपचं तोंड मोजणं त्यांना मान्य नव्हतं. “तोंडावरून माणूस कळत नाही, मोरी काय कळणार? आत सिमेंट गळून घसा आवळलेला असतो.” म्हणून ते नारळ वापरायचे. नारळसुद्धा असोला, म्हणजे सालासकटचा, चांगला गलेलठ्ठ. त्याला गेरूचा लाल पट्टा ओढायचा, वरच्या तोंडातून मोरीत सोडायचा, मागून दोन बादल्या पाणी. नारळ खालच्या तोंडातून बाहेर आला तर मोरी पास. तिथंच तो सोलून फोडायचा आणि सगळ्यांना खोबरं. अडकला तर नापास. मग उतार फोडा, पाईप काढा, पुन्हा बांधा.

पट्टा कशाला, असं मी विचारलं होतं. तर म्हणाले, “बाई, ह्या गावात दोन नारळांची भेसळ करणारे लोक आहेत.”

लोक हसायचे, पण नारळाला टरकून असायचे. गवंडी मोरी बांधताना आपणहून सांगायचे, “शेट, नारळाचा पाईप टाकतो बरं का.” पाईपांच्या दुकानात त्या मापाचं नावच नारळाचा पाईप पडलं होतं. आणि हे गृहस्थ कुणाकडे सत्यनारायणाला गेले तरी आधी फाटकाशी उकिडवे बसून मोरीत डोकावणार, मग फाटक आतबाहेर हलवून बघणार, मग हात जोडून “आलो हं” म्हणत तीर्थाला येणार. काकू पुढे निघून गेलेल्या असायच्या. ह्या माणसाबरोबर आपली ओळख नाही असा चेहरा करून चालायची त्यांना चांगली सवय झाली होती.

बाजाराच्या टोकाला इस्माईलभाईंचं गॅरेज होतं. त्यांचा उतार काकांनी दोनदा नापास केला. दोनदा त्या माणसानं घण घालून फोडला. त्या दिवसांत त्यांच्याकडच्या गाड्या रस्त्यावरच दुरुस्त व्हायच्या आणि ते खाली झोपल्याझोपल्या काकांचा उद्धार करायचे. तिसऱ्यांदा नारळ सुळकन बाहेर आला. इस्माईलभाईंनी त्याची अर्धी करवंटी खिळ्याला अडकवली आणि तीत नटबोल्ट ठेवायला लागले. गिऱ्हाईकानं विचारलं की म्हणायचे, “ह्ये माजं सर्टिफिकेट हाय.”

असा हा माणूस, आणि स्वतःच्या दाराशी फळी! कारण उघड होतं. उतार बांधला तर तपासणार कोण? “आपलीच मोरी आपणच पास करायची? मग उद्या शाळेत पोरांना आपापले पेपर तपासायला द्याल का, बाई?” काकूंनी मात्र कधीच त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं नाही. “सगळ्या गावाच्या गाड्या घरात शिरतात आणि माझ्या घरात भाजीवालीची पाटी शिरत नाही!” हे त्या दर गुरुवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, न चुकता म्हणायच्या.

त्यांची एकुलती एक मुलगी नलू. गोड पोरगी, फक्त जीभ बापासारखी. तिच्यासाठी कर्जतचं स्थळ आलं तेव्हा काका एकटेच मुलाचं घर बघून आले. काकू आणि मी ओट्यावर टपून बसलेल्या.

“कसं आहे हो घर?” काकूंनी विचारलं.

“छान आहे. मोरी स्वच्छ आहे. काठाला गवत नाही, फाटक आत उघडतं.”

“आणि मुलगा?”

“मुलगाही होता,” काका म्हणाले. “चांगला असणार. अशी मोरी ठेवणारी माणसं वाईट नसतात.”

काकूंनी डोक्याला हात लावला. नलू आतून ओरडली, “बाबा, माझं लग्न मुलाशी आहे की मोरीशी?” पण खरं सांगायचं तर माणसं खरंच चांगली निघाली, आता ह्याला काय म्हणायचं!

ती मंडळी नलूला बघायला आली. व्याही होऊ घातलेले गृहस्थ पांढऱ्याशुभ्र धोतरात, अंगापिंडानं चांगले भरलेले. फळीवर मधोमध आले, फळी कुरकुरली, एका बाजूनं घसरली, आणि ते गुडघाभर गटारात. मी खिडकीत होते. हसू आवरायला पदर तोंडात कोंबला. आमच्या ह्यांनी आणि काकांनी मिळून त्यांना वर ओढलं. त्या भल्या माणसानं पाय धुतले, काकांचं धोतर नेसलं, पोहे खाल्ले आणि मुलगी पसंत केली. जाताना एवढंच म्हणाले, “ओव्हरसियरसाहेब, लग्न तुमच्या दारात व्हावं अशी वहिनींची इच्छा आहे, आमची ना नाही. पण आमच्या आईला चालता येत नाही. तिची गाडी मांडवापर्यंत आली पाहिजे. नाही जमलं तर संकोच करू नका, लग्न कर्जतला आमच्याकडे करू.”

ते गेल्यावर काकूंनी फळी उचलली आणि काकांच्या पायाशी आपटली. “माझी एकच मुलगी आहे. तिचं लग्न माझ्या दारात होणार. आणि ह्या फळीवरून ती सासरी जाणार नाही. तुमचे नियम तुम्ही बघा!” असं बोलताबोलता त्यांना रडू फुटलं. काकांनी फळी उचलली आणि नेहमीचा कोपरा सोडून भलतीकडेच नेऊन टेकवली. बायकोला रडताना बघायची त्यांना सवय नव्हती, भांडतानाच बघायची होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जिल्ह्याला लिहिलं, की माझ्या घराची मोरी तपासायला दुसरा अधिकारी द्या. उत्तर आलं, आपल्या स्तरावर योग्य तो निर्णय घ्यावा. काका कागद फडकवत माझ्याकडे आले. “माझा स्तर! तोच तर अडतोय ना!”

मग मीच सुचवलं, “काका, तुम्ही ज्याला सगळ्यात जास्त छळलंत त्याला परीक्षक करा. तो काही तुम्हाला सूट द्यायचा नाही.”

काकांचा चेहरा उजळला. तडक गॅरेजवर गेले. इस्माईलभाई गाडीखालून बाहेर आले, हात पुसले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “साहेब, ह्या दिवसाची मी लई वाट बगितली. येतो. पन नारळ अडाकला तर?”

“फोडायचा उतार. मांडव असला तरी फोडायचा. लग्न कर्जतला.”

“बघा हां. मी नाय सोडनार तुमाला.”

“सोडलंत तर तुमची मोरी पुन्हा तपासीन,” काका म्हणाले.

उतार बांधला काकूंच्या भावानं, म्हणजे नलूच्या मामानं. हौशी माणूस. त्याला इतकी घाई की काका कचेरीत असताना दोन पाईप जोडून वर सिमेंट ओतूनसुद्धा मोकळा झाला. मग काका म्हणाले, सिमेंटला पुरेसे दिवस पाणी मारल्याशिवाय परीक्षा नाही. असं करता करता परीक्षा आली हळदीच्या दिवशी, लग्नाच्या आदल्या सकाळी. पत्रिका दारातल्या लग्नाच्या छापलेल्या, पाहुणे घरात, मांडव घातलेला, आणि मामानं गुपचूप एक टेंपोही सांगून ठेवलेला, नापास झालो तर भांडीकुंडी कर्जतला न्यायला! काकू लाडू वळता वळता मधेच दाराकडे बघत होत्या.

आदल्या संध्याकाळी काका बॅटरी घेऊन मोरीच्या तोंडाशी पालथे पडले होते. उठले तेव्हा तोंड उतरलेलं. मला म्हणाले, “बाई, दोन पाईपांच्या सांध्यात सिमेंट उतरल्यासारखं दिसतंय. नक्की कळत नाही. नारळ तिथं अडेल.” मी म्हटलं, “अडला तर तुम्ही कुठं बघताय? इस्माईलभाई बघतील.” ते कसनुसं हसले. जेवायला बसले नाहीत. पट्टा ओढलेला असोला नारळ त्यांनी संध्याकाळीच इस्माईलभाईंकडे नेऊन दिला होता. आपल्या घरात तो रात्रभर नको, कुणी संशय घ्यायला नको!

आणि मग सकाळ. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी उताराच्या बाजूला होती, मोरीचं खालचं तोंड तिच्यासमोरच. पहाट फुटत होती, मी दूध तापत ठेवलं होतं. पाहते तर काका! बनियनवर, गोणपाट अंथरून पालथे पडलेले, हात खांद्यापर्यंत मोरीत. शेजारी चिखलाचा गोळा. हात बाहेर आला, शेजारून काहीतरी उचलून आत गेला, मग चिखल घेऊन पुन्हा आत. चिखलाआधी हातात काय होतं तेही मी पाहिलं. नारळ. ओटीसाठी आणलेल्या पोत्यातला, सोललेला, शेंडीवाला नारळ.

अहो, ज्यानं चहासुद्धा कुणाकडे घेतला नाही तो माणूस! मुलीचं लग्न दारातून जाऊ नये म्हणून चोरासारखा आपल्याच मोरीत नारळ पेरत होता. पाणी सोडलं की चिखल सुटेल, नारळ बाहेर येईल, लोक म्हणतील पास. आणि त्यातही वेंधळेपणा बघा, परीक्षेला असोला जातो आणि हे ठेवतायत शेंडीवाला! जन्मात लबाडी केली नव्हती, जमणार कशी? मी खिडकीला खिळून उभी, आणि मागे दूध उतू जाऊन सगळ्या शेगडीवर. जळका वास घरभर.

आठाच्या सुमाराला सगळी गल्ली जमली. इस्माईलभाई इस्त्रीचा सदरा घालून, नारळ फडक्यात गुंडाळून आले. पट्टा सगळ्यांना दाखवला. काका दाराच्या चौकटीत भिंतीला टेकून उभे. परीक्षेच्या वर्गात मुलाच्या बापानं येऊ नये, तसे ते उंबरा ओलांडणार नव्हते. नारळ वरच्या तोंडात गेला. मामानं बादली ओतली. दुसरी ओतली.

खालच्या तोंडातून आधी गढूळ पाणी आलं. मग भप्पकन नारळ.

“पास! पास!” पोरं नाचायला लागली, काकूंनी देवाला हात जोडले, मामानं तर शिट्टी मारली. इस्माईलभाईंनी वाकून नारळ उचलला, उलटासुलटा केला. शेंडी त्यांच्या बोटांत होती.

“ह्यो तर सोललेला हाय,” ते सावकाश म्हणाले. “मी टाकला त्यो असोला.”

काकूंचे हात जोडलेले तसेच. कुणीतरी मामाकडे बघितलं, मग सगळ्यांनीच बघितलं. मामा बिचारा ओरडला, “देवकाची शपथ, मी नाही!” मी काकांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक. ओठ हलत होते. एक पाय उंबऱ्याबाहेर आला.

आणि तेवढ्यात मोरीत काहीतरी घुडघुडलं. थांबलं. पुन्हा घुडघुडलं. आणि लाल पट्टा मिरवत, पोट पुढे काढून, असोला नारळ डुलत डुलत बाहेर आला.

हसावं की काय करावं कुणाला कळेना. एक नारळ आत, दोन बाहेर! काका उंबरा ओलांडून पुढे आले. “इस्माईलभाई, तो पहिला नारळ...”

“साहेब,” इस्माईलभाईंनी हात वर केला, “आज परीक्षा कोन घेतंय?”

“तुम्ही.”

“मंग तुमी बोलायचं नाय. तुमचाच कायदा हाय.” त्यांनी दोन्ही नारळ दोन हातांत धरले. काकांच्या दंडावर चिखल वाळलेला होता, तो मला खिडकीतून दिसत होता. त्यांना तर हातभरावर दिसला असणार. “पयला कुनाचा त्यो मला नाय म्हायती, आनि मला म्हायती करून घ्यायचा बी नाय. दुसरा साहेबांचा हाय आनि त्यो बी भायेर आला. मोरी पास. ह्यो असोला फोडा. आनि ह्यो शेंडीवाला,” ते काकूंकडे वळले, “पोरीच्या वटीत घाला, वयनी. ज्यानं ठेवला त्यानं तिच्यासाटीच ठेवला आसंल.”

तो नारळ दुसऱ्या दिवशी नलूच्या ओटीत गेला. कर्जतच्या आजीबाईंची गाडी उतारावरून थेट मांडवात आली, काचेतून त्या राणीसारख्या बघत होत्या. मामा मात्र लग्नभर शपथा घेत हिंडत होता आणि कुणी विश्वास ठेवत नव्हतं. पाठवणीच्या वेळी नलूची गाडी उतारावरून रस्त्याला लागली आणि काका फाटकाला धरून लहान मुलासारखे रडले. फाटक आत उघडणारं होतं, हे सांगायला नको.

मी कुणाला काही बोलले नाही. आमच्या ह्यांनाही नाही. माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, तेव्हा काय हाल झाले असतील माझे!

लग्नानंतर घरात सगळे उतारावरून जायला लागले. हे आता सायकल मिरवत थेट ओट्यापर्यंत आणायचे. काका सोडून सगळे. काकांनी उताराच्या शेजारी पुन्हा आपली फळी टाकली, रात्री मात्र ती उचलून आत, आणि रोज सकाळ-संध्याकाळ एकटे फळीवरून जायला लागले. लोक म्हणाले, म्हातारा पुरता वेडा झाला. काकू म्हणाल्या, “जन्माची खोड आहे, जाईल कशी?” दिवाळसणाला नलू आली, तिनं विचारलं, “बाबा, एवढा चांगला उतार आहे, तरी फळी का?” तर म्हणाले, “सवय.” मला कारण माहीत होतं, आणि ते बघून माझा जीव तुटायचा. पास झालेल्या मोरीवर पाय ठेवायचा हक्क आपल्याला नाही, असं त्यांनी स्वतःलाच सांगून ठेवलं होतं.

पुढच्या श्रावणात एका दुपारी धो धो पाऊस. काका छत्री सावरत कचेरीतून आले, फळीवर पाय ठेवला आणि फळी मधोमध मोडली. भिजून भिजून कुजलीच होती ती. काकांनी फाटकाला धरलं म्हणून पडले नाहीत, पण एक चप्पल गेली पाण्यात. वरच्या तोंडातून शिरली, आणि मी बघतेय तोवर खालच्या तोंडातून माझ्या खिडकीपुढे आली. मी धावत जाऊन काठीनं ओढून काढली आणि घेऊन गेले.

“काका, चप्पल पास झाली!”

ते हसायलाच लागले. पाऊस, छत्री उलटी झालेली, एक पाय अनवाणी, आणि हा माणूस पोट धरून हसतोय. हसता हसताच त्यांनी चप्पल घातली आणि उतारावर पाय ठेवला. पहिल्यांदाच. दोन पावलं चढले आणि थांबले.

“बाई, त्या दिवशी पहाटे तुमची खिडकी उघडी होती का?”

“उघडीच असते,” मी म्हटलं. “पण माझं लक्ष दुधाकडे होतं.”

काकांनी मान डोलावली. “हो का? मला तर दूध उतू गेल्याचा वास आला होता.”

एवढं बोलून त्यांनी फळीचे दोन तुकडे गोळा केले आणि माझ्या हातात दिले. “वाळले की बंबात घाला,” म्हणाले, आणि उतारावरून आत गेले.